दिवाळी अंक आले आहेत

आमच्या पेठेतल्या वाचनालयात पेपर कधी अख्खा हातात पडत नाही. सकाळी दार उघडलं की ग्रंथपाल बाई आधी सगळ्या पेपरांची पानं सुटी करतात आणि लांब टेबलावर मांडून ठेवतात. मग ज्यानं त्यानं आपल्या पसंतीचं एक पान आधी उचलायचं, पुढचं ज्याच्यासमोर जे येईल ते त्याचं. एकाला पहिलं पान मिळतं, दुसऱ्याला खेळाचं, तिसऱ्याला गूळ आणि सोन्याच्या भावांचं. आपलं वाचून झालं की पान उजवीकडे सरकवायचं आणि डावीकडून येईल ते घ्यायचं. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे, त्यामुळे बोलायची सोय नाही. पण कोल्हापूरच्या माणसाला बातमी वाचून ती शेजाऱ्याला न सांगता गप्प बसायचं म्हणजे पोटात दुखायला लागतं. त्यावर तिथल्या मंडळींनी फार वर्षांपूर्वीच तोड काढली आहे. पान पुढे सरकवताना आपल्याला जी बातमी महत्त्वाची वाटली तिच्यावर बोटानं दोनदा टकटक करायची. म्हणजे शेजाऱ्यानं ओळखायचं, हे आधी वाच.

ही टकटक मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नव्या माणसाला वाटतं, वर पत्र्यावर काहीतरी ठिबकतंय. तो एकदोनदा छताकडे बघतो, मग त्याच्याही पुढ्यात पान येऊन पडतं आणि त्याला कळतं.

माझे वडील, अण्णा, शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर, आई गेल्यापासून, रोज सकाळी ते या टेबलाशी खिडकीकडच्या खुर्चीत बसलेले असत. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. 'वाचनसंस्कृती' असा शब्द असलेल्या व्याख्यानाचं आमंत्रण आलं की त्या दिवशी मी नेमकी आजारी पडते. वाचनानं माणूस सुधारतो यावर माझा फारसा विश्वास नाही. भरपूर वाचून बिघडलेली माणसं मी स्टाफरूममध्ये रोज बघते. तेव्हा वाचनालयाबद्दल मी जे काही लिहिते आहे ते त्या थोर कारणासाठी नाही. मला अण्णांची फार आठवण येते, आणि ती आठवण काढायला दुसरी जागा नाही, एवढंच.

लहानपणी रविवारी अण्णा मला घेऊन 'पुस्तक बदलायला' जायचे. आमच्याकडे पुस्तक आणायला कुणी जात नसे, बदलायलाच जात. आपल्या मालकीचं पुस्तक घरात असावं ही कल्पनाच नव्हती. पुस्तक पेठेचं असायचं, आपल्याकडे ते चार दिवस राहून जायचं. लहान मुलांचं कपाट जिन्याखाली होतं. आत वाकून पुस्तक काढताना डोकं हमखास आपटायचं, आणि बाहेर येऊन मी डोकं चोळत उभी असले की अण्णा विचारायचे, "चांगलं दिसतंय का पुस्तक, की नुसतंच टेंगूळ?"

आईसाठी पुस्तक निवडणं हे मोठं अवघड काम होतं. ती स्वतः जायची नाही. अण्णांनी आणलेलं पुस्तक ती मधेच कुठंतरी उघडायची, दोन ओळी वाचायची आणि 'वाचलंय' म्हणून बाजूला ठेवायची. मग अण्णा निमूटपणे चप्पल घालून परत जायचे. त्यांनी कधी तिला म्हटलं नाही की तूच जाऊन आण. मला वाटतं, तिला कुठलं आवडेल याचा अंदाज करत कपाटांपुढून फिरायला त्यांना आवडत असावं. आई गेल्यावर तिचं शेवटचं पुस्तक परत करायला ते गेले, आणि दुपारपर्यंत आलेच नाहीत. मी काळजीनं बघायला गेले तर ते खिडकीपाशी बसले होते आणि कुणीतरी सरकवलेलं बाजारभावाचं पान वाचत होते. आयुष्यात त्यांनी बाजारभाव वाचले नव्हते. त्या दिवसापासून ते रोज जायला लागले.

वाचनालयाच्या दाराबाहेर व्हरांड्यात एक काळा फळा आहे. तो लिहायचं काम अर्थातच अण्णांकडे आलं. चित्रकलेचे मास्तर हाताशी असताना दुसरं कोण लिहिणार? नवीन पुस्तकं आली, सुट्टी असली, मासिकं परत करायची असली, की अण्णा आधी पट्टीनं फिकट रेघा मारायचे आणि मग अक्षरं काढायचे. पेठेतल्या कित्येक जणांनी वाचनालयात पाऊल ठेवलेलं नसेल, पण फळा वाचल्याशिवाय ते पुढे जायचे नाहीत. दुपारी भाजी घेऊन परतणाऱ्या बायका तिथं पिशव्या खाली ठेवून हात मोकळे करायच्या आणि फळा वाचायच्या. त्यातल्या काही मग आत यायला लागल्या. दुपारचं ते टेबल आता त्यांचंच आहे. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात. त्यांच्या घरी एका खोलीत पाच माणसं, त्यामुळे ती सकाळपासून तिथंच असतात, आणि त्यातल्या कुणाची निवड झाली की त्याचं नाव अण्णा रंगीत खडूनं लिहायचे.

कुणी नेहमीचा वाचक वारला तर तेही फळ्यावरच लिहिलं जायचं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली नाव, आणि सगळ्यात खाली 'आपले, समस्त वाचक'. त्या दिवशी एक रीत पाळली जाते. गेलेला माणूस सकाळी ज्या पेपरचं पान पहिल्यांदा उचलायचा, तो पेपर त्या दिवशी सुटा करत नाहीत. घडी न मोडता त्याच्या जागेसमोर ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. वाचनालयात पेपर अख्खा दिसला की समजायचं, कुणीतरी गेलं.

दोन वर्षांपूर्वी अण्णा न्हाणीघरात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पेठेतल्या घराचा जिना लाकडी, उभा आणि अंधारा. तिथं त्यांना परत नेणं शक्यच नव्हतं. मी त्यांना शहराबाहेर उचगावला माझ्या फ्लॅटवर आणलं. लिफ्ट आहे, उजेड आहे, गॅलरीतून उसाचा एक शिल्लक राहिलेला तुकडा दिसतो. अण्णांनी कुरकुर केली नाही. खाटेवर नीट बसवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मला तिथं परत जाता येईल ना गं?"

तिथं म्हणजे कुठं, हे मला विचारावं लागलं नाही. येईल, मी म्हटलं. पाय पेलायला लागला की येईल.

मला वाटलं होतं, पेपर तर वाचायचा आहे, तो घरी मागवला की झालं. म्हणून त्यांचा नेहमीचा पेपर मी लावून टाकला. पहिल्या दिवशी चहाबरोबर तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पेपरकडे बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, डोळे दुखत असतील. तिसऱ्या दिवशी ते हळूच म्हणाले, "असा अख्खा पेपर माझ्यापुढं ठेवत जाऊ नकोस."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी चहाचा कप तसाच ठेवून पेपरची पानं सुटी केली. त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर पेठेतलं वाचनालय भरायला लागलं. सभासद दोन. मी त्यांच्या उजव्या हाताला बसायचे. मला बातम्या फोनवर वाचायची सवय, तीही कॉलेजला जाता जाता, आणि सकाळी मला मरायला फुरसत नसते. पण अण्णा पान माझ्यापुढे सरकवून टकटक करायचे, आणि वाचल्याशिवाय उठायची माझी हिंमत नव्हती. कुठं पन्हाळ्यावर बिबट्या दिसला, कुठं एका शाळेतल्या मुलींनी कबड्डीचा सामना जिंकला. मी वाचून मान हलवली की ते पुढचं पान उचलायचे. तरी त्यांच्या डावीकडे कुणी नव्हतं. एखादं पान संपलं की ते नकळत डावीकडे बघायचे, तिथून काही येतंय का म्हणून. तिथं फ्रीज होता.

मग मी उगाचच दूध उतू जातंय का बघायला उठायचे.

वाचनालयाच्या दाराशी तीन चांगल्या उंच पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. अण्णांना त्या पायऱ्यांचीच धास्ती होती. दुपारी मी घरी नसताना ते वॉकर घेऊन आमच्या इमारतीच्या जिन्यावर जायचे आणि एक पायरी चढून उतरायचे, मग दोन. हे मला वॉचमननं सांगितलं. मी चिडले, आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "कॉलेजात रागव, इथं नको. दसऱ्यापर्यंत मला तीन जमायला पाहिजेत."

दसऱ्याच्या आधीच जमल्या. मला सुट्टी होती त्या एका सकाळी आम्ही रिक्षानं पेठेत गेलो. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, खिशात पेन लावलं होतं. रस्ताभर ते एकेक दुकान ओळखत होते आणि नव्या पाट्यांच्या अक्षरांना नावं ठेवत होते. वाचनालयापाशी उतरलो. मी एका बाजूनं धरलं, दुसऱ्या हातात त्यांची काठी. पहिली पायरी चढले. दुसऱ्या पायरीवर ते थांबले, कारण समोर फळा होता.

फळ्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहिलं होतं आणि त्याखाली अण्णांचं नाव होतं.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते त्यांना तिथूनच वळवून रिक्षात घालावं. पण त्यांनी वाचलं होतं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला आणि परत वाचलं. शेवटी ते म्हणाले, "अक्षर कुणाचं हे?"

मी त्यांचा दंड आणखी घट्ट धरला.

"नुसता उतार लागलाय. आधी रेघा तरी मारायच्या," ते म्हणाले आणि तिसरी पायरी चढले.

आत टेबलाभोवती नेहमीची मंडळी होती. दाराच्या तोंडाला बसलेल्या निवृत्त कंडक्टर काकांनी मान वर केली. हा माणूस आयुष्यभर भरलेल्या गाडीत मागून पुढे हाका मारत आलेला, त्यामुळे त्यांची कुजबुजही रस्त्यापलीकडे ऐकू जाते. त्यांच्या हातातलं पान तसंच अधांतरी राहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी तर गेलतासा की."

"व्हय," अण्णा म्हणाले. "आलो परत."

त्यानंतर 'शांतता राखा'च्या पाटीची कुणी पर्वा केली नाही. सगळेच एकदम बोलायला लागले. ग्रंथपाल बाई कपाटांमागून आल्या, अण्णांना बघून तिथंच एका स्टुलावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. वरच्या मजल्यावरची मुलं जिन्यात येऊन उभी राहिली. झालं होतं ते असं. अण्णा यायचे बंद झाले तेव्हा पेठेत कुणाला विचारलं की 'लेकीकडं गेलेत' एवढंच कळायचं. लेक कुठं राहते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांचा फोन न्हाणीघरात त्यांच्याबरोबरच पडून फुटला होता, त्यामुळे तो लागत नव्हता. आणि अशात एक दिवस पेपरात निधनाची बातमी आली. तेच नाव, तेच आडनाव, सेवानिवृत्त शिक्षक, पेठ वडगाव येथे कन्येच्या घरी. फोटो नव्हता.

"मग आमी काय समजायचं, सांगा," कंडक्टर काका म्हणाले. "पान माज्याकडं आलं ते या बातमीवर टकटक होऊनच आलं. मी वाचलं आन् फुडं सरकीवलं. कुणाच्या तोंडातनं शब्द न्हाय. फळा मीच लिवला. दुसरं कोण लिवायला हुतं?"

"दिसतंय ते," अण्णा म्हणाले.

"दोन मिन्टं उभं बी राह्यलो समदी. मी चार शब्द बोललो."

"काय बोललात?"

काका एकदम खाली बघायला लागले. "ते आता कशाला?" ते म्हणाले. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाला मी एवढ्या हळू बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

मंडळींनी वाट करून दिली. अण्णा आपल्या खुर्चीकडे गेले. खिडकीजवळची ती खुर्ची रिकामी होती. तिथं कुणी बसायला लागलं नव्हतं. ते सावकाश बसले, काठी टेबलाला टेकवली आणि टेबलावर हात फिरवला. मग बाईंकडे न बघता त्यांनी विचारलं, "आणि पेपर? पेपर ठेवला होता का?"

"ठेवलेला," बाई म्हणाल्या. "दिवसभर होता. कुणी हात लावला नाही."

अण्णांनी मान हलवली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या घराची भिंत आणि वाळत घातलेला एक टॉवेल. मला तेव्हा कळलं की फळ्यावर नाव बघून त्यांना जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे ऐकून लागलं होतं, आणि ते दुःख नव्हतं. डावीकडून कुणीतरी हळूच एक पान सरकवलं. टकटक झाली. अण्णांनी ते पान जवळ ओढलं.

निघताना त्यांनी ओलं फडकं मागितलं. मी त्यांना पाठीमागून धरून उभी राहिले आणि त्यांनी स्वतःचं नाव स्वतःच पुसलं. मग पट्टी मागवून रेघा मारल्या आणि नवीन आलेल्या पुस्तकांची नावं लिहिली. एवढे दिवस तो फळा तसाच का राहिला होता, असं मी कंडक्टर काकांना विचारलं. "लिवायला दुसरं कायतर पायजे का नको?" ते म्हणाले. "आन् नुसतं पुसायला हात उचलंना."

परतीच्या रिक्षात अण्णा आधी खूप हसले. माझ्या लग्नात हसले नव्हते एवढे हसले. "यातल्या एकानंही माझं घर बघितलेलं नाही," ते मग म्हणाले. "मी कधी कुणाला घरी बोलावलंच नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "पण कुठलं पान मी आधी घेतो, ते सगळ्यांना माहीत आहे."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा त्यांना पेठेत न्यायचं ठरलं. आमच्या इमारतीतल्या एका रिक्षावाल्याला सांगून ठेवलं. बाकीचे दिवस ते त्या दोन दिवसांची वाट बघायचे. वर्षभर हे सुरळीत चाललं. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या व्हायच्या तेव्हा कंडक्टर काका छत्री घेऊन रस्त्यापर्यंत यायचे आणि 'चला, आत व्हा, मदी जागा हाय' असं ओरडत त्यांना चढवायचे. अण्णा घरी येऊन त्यांच्या तक्रारी सांगायचे आणि तक्रारी सांगताना त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. मला एवढं पुरत होतं.

मागच्या दिवाळीत त्यांनी फळा फार मन लावून लिहिला. दिवाळी अंकांचे दिवस म्हणजे वाचनालयाचा सण. अंक थोडे आणि माणसं फार, म्हणून पाळी लावावी लागते आणि पाळीवरून भांडणंही होतात. अण्णांनी मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दिवाळी अंक आले आहेत.' खाली बारीक अक्षरांत, 'सभासदांनी आपली पाळी लावून न्यावेत.' आणि चारही बाजूंनी रंगीत खडूनं पणत्यांची ओळ काढली. मधेच दमले की स्टुलावर बसायचे, परत उठायचे. मी घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, पणत्या खालच्या बाजूला नसल्या तरी चालेल." ते म्हणाले, "खालच्या बाजूला नसल्या तर मग वरच्यांनाही काय अर्थ?" आणि त्यांनी खालच्याही काढल्या, एकेक ज्योत वाऱ्यानं थोडी कललेली.

मार्गशीर्षात एका सकाळी मी पेपर घेऊन त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते उठले नाहीत. रात्री झोपेतच केव्हातरी गेले होते. पांघरूण नीट होतं, चष्मा उशाशी होता. माझ्या हातात पेपर होता. तो मी टेबलावर त्यांच्या जागेसमोर ठेवला. त्या दिवशी घरात माणसं आली, गेली, कुणीतरी टेबल आवरलं, पण पेपरला मी कुणाला हात लावू दिला नाही. तो संध्याकाळपर्यंत अख्खाच राहिला.

वाचनालयात मीच फोन केला. बाईंनी ऐकलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "नक्की का हो?" मला राग आला नाही. मीही डॉक्टरांना तेच विचारलं होतं.

अण्णांकडे वाचनालयाचं एक पुस्तक राहिलं होतं. ते परत करायला मी संक्रांतीच्या आसपास गेले. रिक्षातून उतरले, पायऱ्या चढले आणि फळा बघून माझं डोकंच फिरलं. फळ्यावर 'दिवाळी अंक आले आहेत' हेच होतं. पणत्या तशाच. ज्या माणसानं एवढी वर्षं सगळ्यांची नावं लिहिली, त्याचं नाव लिहायला कुणाला वेळ झाला नाही? मी तशीच आत गेले. 'शांतता राखा'च्या पाटीखालीच मी जरा जोरात विचारलं की अण्णांचं कळलं नव्हतं का इथं?

"कळलं की," कंडक्टर काका म्हणाले. त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसले नाही. "पेपर ठेवलता. हितं, त्यांच्या जागंवर. बाईंना इचारा."

"मग फळा?"

मग बाईच म्हणाल्या, "फळा पुसल्याशिवाय लिहायचा कसा? मी फडकं घेऊन गेले होते. दोनदा गेले. पणत्यांपाशी हात जाईना."

"आन् मागच्या खेपेला आमी लई घाई केलती," काका म्हणाले. "म्हटलं, ह्या खेपेला जरा दम धरावा." ते हसण्यासारखं बोलले, पण त्यांना हसता आलं नाही. टेबलावर कुणीच हसलं नाही.

मी रागावले होते ते सगळं कुठं गेलं, मला कळलंच नाही. मी अण्णांच्या खुर्चीत बसले. मला तिथंच रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. कुणी समजूत काढली नाही, पाणीही विचारलं नाही. थोड्या वेळानं डावीकडून एक पान माझ्यापुढे आलं. टकटक झाली. बातमी कुठल्याशा गावातल्या पाण्याच्या टाकीची होती. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि पान उजवीकडे सरकवलं.

अण्णांचं कार्ड बाईंनी परत घेतलं आणि न विचारता माझ्या नावाचं कार्ड करून दिलं. आता मी रविवारी जाते. उचगावहून येते, पुस्तक बदलते, तासभर टेबलाशी बसते. घरी पेपर बंद केला आहे. फळा आता थोडा फिकट झाला आहे. खालच्या दोन पणत्या कुणाची तरी पाठ लागून पुसल्या गेल्या. नवीन पुस्तकांची नावं बाई कागदावर लिहून दाराला चिकटवतात. वरच्या मजल्यावरच्या एका मुलीची निवड झाली, तर तिचंही नाव कागदावरच लागलं. रस्त्यानं जाणारे फळ्याकडे बघतात आणि घोटाळ्यात पडून पुढे जातात. पेठेतल्यांना आता सवय झाली आहे.

परवा, गुढीपाडवा होऊन गेल्यावरच्या रविवारी, एक तरुण बाई दारात आली. लग्न होऊन नुकतीच पेठेत आलेली असावी. हातात भाजीची पिशवी होती, आत यावं की नको अशी घुटमळत होती. शेवटी तिनं ग्रंथपाल बाईंच्या टेबलाशी येऊन विचारलं, "दिवाळी अंक आलेत ना? बाहेर लिहिलंय."

टेबलावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. बाहेर उन्हाळा मी म्हणत होता.

"आलेत की," बाई म्हणाल्या. "कुठला देऊ?"

बाईंनी कपाट उघडून अंक तिच्यापुढे ठेवले. तिनं ते सगळे चाळले, त्यातला एक निवडला, सभासद होण्यासाठी काय करावं लागतं ते विचारलं. कुणी तिला काही सांगितलं नाही. जाताना ती दारात थांबली, फळ्याच्या अगदी जवळ जाऊन पणत्या बघितल्या आणि मागं वळून म्हणाली, "किती सुरेख काढल्यात. कुणी हो?"

"आमच्या मास्तरांनी," कंडक्टर काका म्हणाले.

"कुठं असतात ते?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. टेबलावर टकटक थांबली होती.

"लेकीकडे गेलेत," मी म्हणाले, आणि डावीकडून आलेलं पान पुढे ओढलं.